कोरडा बिछाना

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉकला नोव्हेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावावे लागतात. इशबेल डनलॉप शाळेच्या स्वयंपाकघरातून घरी यायची तीही त्याच सुमाराला, आणि येताना मुलांच्या जेवणातून उरलेलं काही ना काही डब्यात घालून आणायची. त्या दिवशी सफरचंदं घालून भाजलेलं गोड उरलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी ती पोचली तेव्हा पावसाने नखशिखांत भिजली होती. तिने कोट, स्वेटर, पायमोजे सगळं कपडे वाळवायच्या स्टँडवर टाकलं, स्टँड हीटरजवळ ओढला, हीटर मोठा केला, आणि डबा घेऊन खाली नेटाबाईंकडे गेली. दोन मिनिटांत येऊ, असं तिच्या मनात होतं.

नेटा गिलफिलन पहिल्या मजल्यावर, बरोब्बर तिच्या खाली राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. नवरा साखरेच्या कारखान्यात होता, तो जाऊन खूप वर्षं झाली होती. जिन्यातली सगळी माणसं त्यांना नेटा म्हणत. इशबेल मात्र पहिल्या दिवसापासून मिसेस गिलफिलन म्हणत आली होती आणि ते तसंच राहिलं होतं.

"ये पोरी," नेटाबाई म्हणाल्या. "चहा टाकलाच आहे. आज काय आणलंस, तुमच्या शाळेची ती पिवळी खळ तर नाही?"

"कस्टर्ड म्हणतात त्याला, मिसेस गिलफिलन."

"तू म्हण. मी माझ्या नवऱ्याच्या कामगार संघटनेचे पोस्टर चिकटवायचे त्याने."

दोघी हसल्या. इशबेलची मुलगी ॲबरडीनला, नवरा केव्हाच दुसरीकडे संसार थाटून बसलेला. घरी जाऊन रिकाम्या खोल्यांत बसण्यापेक्षा इथे नेटाबाईंच्या पलंगाच्या कडेला बसून चहा घेणं बरं वाटायचं. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. मग नेटाबाईंनी नाक वर करून वास घेतला.

"तुझ्याकडे काही करपतंय का गं…"

वर आग फार वेळ टिकली नाही. अग्निशामक दल आलं, नळ्या जिन्यावरून वर गेल्या, आणि बघता बघता सगळं विझलं. पण आगीने खाल्लं त्याहून जास्त पाण्याने खाल्लं. वरच्या घरात ओतलेलं ते सगळं पाणी राख आणि काजळी घेऊन जमिनीच्या फळ्यांतून खाली उतरलं. नेटाबाईंचं छत फुगलं, मग पोटासारखं लोंबलं, मग फुटलं. खाली पलंग होता. रस्त्यावर दोघी एकाच घोंगडीत उभ्या होत्या तेव्हा नेटाबाई आपल्या खिडकीतून बाहेर वाहणारं काळं पाणी बघत राहिल्या.

घरं भाड्याने देणाऱ्या एका संस्थेची ही इमारत. भिंती, छत, वायरी यांची काळजी संस्थेला. पण आतलं सामान ज्याचं त्याने बघायचं. इशबेलने भाड्याबरोबर आठवड्याला थोडे पैसे भरून सामानाचा विमा काढलेला होता. नेटाबाईंनी तो काढला नव्हता. त्यांच्याकडे विमा होता तो एकच, अंत्यविधीचा. लग्न झाल्यापासून दर शुक्रवारी दारावर माणूस यायचा, त्याच्या हातावर त्यांनी तो भरला होता. माझ्यामागे कुणाला भीक मागायला लागता कामा नये, असं त्या म्हणायच्या. जिवंतपणी काय लागेल, याचा विमा असतो हे त्यांना कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

चर्चच्या सभागृहात त्या रात्री खाटा टाकल्या होत्या. इशबेलने त्यांच्या खाटेजवळ बसून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"मिसेस गिलफिलन… विम्याचा माणूस येईल. तो तुम्हालाही विचारेल."

"विचारू दे की."

"मी कपडे हीटरजवळ टाकून खाली आले होते, हे त्याला कळलं तर मला एक पैसुद्धा मिळणार नाही. माझ्या हलगर्जीनेच झालं म्हणतील. मी त्यांना सांगणार आहे, मी घरीच होते, हीटर आपोआप पेटला."

नेटाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या भुवयांत अजून काजळी होती.

"म्हणजे तू माझ्याकडे नव्हतीस."

"नव्हते… तुम्ही तेवढं सांगा. सामान आलं की पहिल्यांदा तुमचं करीन. पलंग, गालिचा, सगळं. शपथ घेते."

"शपथ कशाला," नेटाबाई म्हणाल्या. "सगळं नको मला. पलंग तेवढा दे. या वयात ओल्यावर निजवत नाही."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. डॅल्गेटी नावाचे साठीच्या घरातले गृहस्थ, मृदू बोलणारे, बूट दारातच पुसणारे. इशबेलने ठरल्याप्रमाणे सांगितलं. नंतर त्यांनी नेटाबाईंना विचारलं, आणि नेटाबाई म्हणाल्या, "ती वर होती. मी एकटीच होते." डॅल्गेटींनी ते लिहून घेतलं. त्यांनी नेटाबाईंच्या खोलीतल्या ओल्या भिंतींवर नजर फिरवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि वही मिटली.

डिसेंबरात दोघी आपापल्या घरी परतल्या. नाताळाच्या आधी इशबेलकडे सामान आलं. कंपनीने पैसे हातात दिले नाहीत, वस्तूच पाठवल्या, जुन्याच्या जागी नव्या. सोफा, फ्रिज, कपाटं, जाड राखाडी गालिचा. आणि पलंग दोन, कारण आतल्या छोट्या खोलीत मुलगी आली तर असावा म्हणून एक जास्तीचा पलंग होता आणि तोही जळला होता. सामान आणणाऱ्या माणसांनी तो छोट्या खोलीत लावून दिला. गादीवरचं प्लास्टिक तसंच होतं, चारी बाजूंनी चिकटवलेलं.

नव्याने सजलेल्या घरात फिरताना इशबेलला पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. पहिल्या दिवशीच तो पलंग खाली उतरवायला हवा होता. आणणारी माणसं जिन्यातच होती, दोन शब्द बोलायचे होते. पण मुलीने फोनवर म्हटलं होतं, न्यू इयरला बघते जमलं तर. मग ती आल्यावर कुठे निजणार? न्यू इयर झालं की देऊ, असं इशबेलने ठरवलं. देणार नाही असं तिने एकदाही म्हटलं नाही, स्वतःशीसुद्धा नाही.

नेटाबाईंची गादी संस्थेच्या माणसांनी मोठे पंखे लावून सुकवली होती. वरून कोरडी, आत ओली. एक दिवस त्या धापा टाकत जिना चढून वर आल्या. एवढं वर त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. सोफ्यावर बसल्या नाहीत. छोट्या खोलीचं दार उघडं होतं, तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

"हा कुणाचा गं?"

"मुलीचा. न्यू इयरला येणार आहे."

"हो का." त्यांनी प्लास्टिकवर हात ठेवला. थोडा वेळ तिथेच ठेवला. मग काढून घेतला. "येऊ दे."

त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. इशबेल मात्र पहिल्या मजल्यावरून जाताना जिन्यातला दिवा लावेनाशी झाली. अंधारात, कठडा धरून, त्यांच्या दारावरून निघून जायची. डबा आणणंही बंद झालं. मुलगी आली नाही. जानेवारीत खालून खोकला ऐकू यायला लागला. आधी रात्रीचा, मग दिवसाचाही. इशबेल रेडिओ मोठा करायची. फेब्रुवारीत एका सकाळी ती कामावर असताना रुग्णवाहिका येऊन नेटाबाईंना घेऊन गेली, आणि त्या परत आल्या नाहीत.

अंत्यविधी थाटात झाला. साठ वर्षं भरलेल्या विम्याचं चीज झालं. पितळी कड्यांची पेटी, काळी लांब मोटार, नंतर हॉटेलात हॅमची सँडविचं आणि शेरी. पेटीत आतून पांढऱ्या साटिनचं जाड अस्तर होतं, उशीसकट. इशबेल वाकून बघत राहिली. बाईंना शेवटी एकदाचा कोरडा बिछाना मिळाला होता, आणि तोही त्यांनी स्वतःच्याच पैशाने घेतलेला.

संस्थेच्या माणसांनी खालचं घर रिकामं केलं. ती गादी खाली न्यायला चौघं लागले, इतकी ती पाण्याने जड झाली होती. मग त्यांनी भिंतींना पांढरा रंग दिला आणि कुलूप लावलं.

त्यानंतर आठवड्याभराने, एका दुपारी, इशबेल चादरी ठेवायला छोट्या खोलीत गेली. गादीवरच्या प्लास्टिकवर धुकं होतं. थंडीत काचेवर धरतं तसं. तिने सहज बाहीने पुसलं. पुसलं गेलं नाही. तिने बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

धुकं आतल्या बाजूला होतं.

ते सगळीकडे नव्हतं. उशाकडे, एका तोंडाएवढ्या जागी ते दाट होतं, आणि बघता बघता थोडं विरळ व्हायचं, मग पुन्हा दाट व्हायचं. विरळ… मग दाट. इशबेलचा स्वतःचा श्वास त्या लयीत पडायला लागला तेव्हा ती भानावर आली. कात्री आणून तिने प्लास्टिक टराटरा कापलं.

आतून वास आला. जळलेली लोकर, भिजलेली राख, ओला चुना. नोव्हेंबरातला तो वास. कारखान्यातून सीलबंद आलेली गादी पिळून काढावी इतकी ओली होती, आणि मधोमध एक खोलगट जागा होती. बारीक, कुशीवर निजलेल्या, पाय पोटाशी घेतलेल्या बाईची.

तिने गादी भिंतीला उभी करून ठेवली. संध्याकाळी ती पुन्हा आडवी होती.

मग ओल पसरली. आधी छोट्या खोलीतला गालिचा, मग बाहेरचा. पाऊल ठेवलं की काळसर पाणी वर यायचं. संस्थेचा प्लंबर आला. त्याने छत बघितलं, ते कोरडं. नळ बघितले, ते ठीक. गालिच्याचा कोपरा उचलून फळ्यांवर हात फिरवला आणि तो हात वासासाठी नाकाशी नेला.

"पाणी वरून येत नाहीये बाई," तो म्हणाला. "खालून येतंय."

"खाली तर रिकामं घर आहे."

"बघून आलो ना. खडखडीत कोरडं आहे. रंगाचा वास येतोय अजून." त्याने हात पँटला पुसला. "आणि पाणी असं वर चढत नसतं. कुठूनतरी येतंय खरं. शोधायला वेळ लागेल." सामान आवरून तो गेला तो पुन्हा आला नाही.

नवा सोफा भिजला. कपाटांची लाकडं फुगली. ज्या ज्या वस्तू विम्यातून आल्या होत्या त्याच भिजत होत्या. जुनी चहाची किटली, आगीतून वाचलेली आईची लोखंडी कढई, यांना काही होत नव्हतं. हे इशबेलच्या लक्षात आलं होतं. पण ते मान्य केलं असतं तर बाकीचंही मान्य करावं लागलं असतं. तिने जे सगळे करतात तेच केलं. विमा कंपनीला फोन करून पाण्याने सामान खराब झाल्याची तक्रार नोंदवली.

एप्रिलातल्या एका उजेडी दुपारी डॅल्गेटी आले. बूट पुसायला वाकले, भिजून थबथबलेलं पायपुसणं बघून तसेच सरळ झाले. खोल्याखोल्यांतून हिंडले, गालिचा दाबून बघितला.

"विचित्र आहे," ते म्हणाले. "खालच्या बाईंकडे काही गळती आहे का? मिसेस… गिलफिलन ना?"

इशबेलने तोंड उघडलं. सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर केव्हा गेल्या, कशाने गेल्या, हेही आलं असतं. खाली कुलूप आहे, बघतील आणि येतील परत, असा विचार करून ती गप्प बसली.

"मी विचारून येतो," म्हणून ते खाली गेले.

खालच्या दारावर टकटक झाली. ती थांबली. आता वर येतील, म्हणून इशबेल दाराकडे वळली.

तेवढ्यात खालून त्यांचा आवाज आला. स्पष्ट, अगदी तिच्या पायांखालून, खोलीच्या आतून.

"नमस्कार. ओळखलंत का मला?… हो, हो, तोच. बसू का इथे?"

इशबेल जिथे होती तिथेच उभी राहिली. बाहेर ऊन होतं. क्लाईड नदीवर कुठलीतरी बोट भोंगा देत होती. समोरच्या गच्चीवर एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. आणि खाली, रंग दिलेल्या रिकाम्या घरात, डॅल्गेटी कुणाशीतरी बोलत होते. ते बोलायचे, मग थांबायचे. थांबणं लांब असायचं, समोरचं माणूस सावकाश काहीतरी सांगत असावं तसं. त्या थांबण्यात दुसरा आवाज मात्र नव्हता. इशबेलने कान देऊन ऐकलं, जीव कानांत आणून ऐकलं. दुसरा आवाज नव्हता.

"असं होय… नाही, नाही, माझी तक्रार नाही. पण तेव्हा का नाही सांगितलंत?…"

लांब शांतता.

"नको नको, साखर नको," डॅल्गेटी म्हणाले. आणि चमचा कपाला लागल्याचा आवाज आला.

ते वर आले तेव्हा त्यांच्या विजारीचे पाय घोट्यापर्यंत ओले होते. त्यांनी इशबेलकडे बघितलं, आणि तिने ओळखलं की हा माणूस कशालाही घाबरलेला नाही. तो नुसता खिन्न झाला होता.

"खाली फार पाणी आहे हो. अशा घरात म्हाताऱ्या बाईला राहू कसं देतात? मी संस्थेला कळवणार आहे." त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "मिसेस डनलॉप, त्या बाई आज मला वेगळंच बोलल्या. आग लागली तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे होतात म्हणे. सफरचंदाचं काहीतरी गोड घेऊन गेला होतात."

"आणखी काय म्हणाल्या?" इशबेलने विचारलं.

"फारसं नाही. रागावलेल्या वाटल्या नाहीत. म्हणाल्या, पोरीला आपणहून बोलायला जड जाईल, तुम्हीच विचारा. म्हणून विचारतोय."

यातून सुटायची एक वाट होती आणि ती इशबेलला स्वच्छ दिसत होती. एवढंच म्हणायचं होतं की मिसेस गिलफिलन फेब्रुवारीत वारल्या, खाली कुलूप आहे, चला दाखवते. मग या सज्जन माणसाने स्वतःच्या डोक्याबद्दल शंका घेतली असती, वही मिटली असती आणि पुन्हा कधी या जिन्यात पाऊल ठेवलं नसतं. मेलेल्या बाईच्या शब्दावर कुणी कुणाचा विमा रद्द करत नाही. इशबेलने तोंड उघडलं तेव्हा ती हेच म्हणणार होती.

पण तिची नजर त्यांच्या ओल्या विजारीवर गेली, आणि त्या पाण्याला वास होता.

"खरं आहे ते," ती म्हणाली. "मी खाली होते. कपडे हीटरजवळ टाकून गेले होते. त्यांना खोटं बोलायला मीच लावलं… मी पलंग देते म्हणाले होते."

डॅल्गेटी आता बसले.

"पण का?" त्यांनी विचारलं.

"मला काहीच मिळालं नसतं."

"कोण म्हणालं?"

"हलगर्जी माझी होती ना…"

"मिसेस डनलॉप," ते हळूच म्हणाले, "लोक इस्त्री विसरतात, चुलीवर दूध विसरतात, हीटर विसरतात. त्यासाठीच विमा असतो. मुद्दाम लावलेली आग नसली की झालं. तुम्हाला सगळं मिळालंच असतं. आणि तुमच्या विम्यात आणखी एक गोष्ट होती. तुमच्या हातून चूक होऊन शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर तेही कंपनीने भरून द्यायचं. पण चूक झाली असेल तरच. हीटर आपोआप पेटला म्हटल्यावर तुमची चूक उरली नाही, आणि त्यांचा हक्कही उरला नाही. त्या दिवशी त्यांच्या खोलीत उभा असताना मला फार वाटत होतं, कुणीतरी काहीतरी कबूल करावं."

"म्हणजे… त्यांनाही मिळालं असतं?"

"पलंग, गालिचा, पडदे. नाताळाच्या आधी."

इशबेल हसली. तिला स्वतःलाही कळलं नाही का. तो आवाज हसण्यासारखा आला एवढंच. ज्या खोट्यासाठी एक माणूस गेलं, त्या खोट्याची गरजच नव्हती.

तिने लिहून दिलं. आठवड्याने डॅल्गेटींचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका बारीक झाला होता.

"संस्था म्हणते, मिसेस गिलफिलन फेब्रुवारीत वारल्या."

"हो."

"मी एप्रिलात…" ते थांबले. "मी तिथे चहा घेतला, मिसेस डनलॉप. गरम होता."

त्यांनी फोन ठेवला. नंतरचा कारभार कंपनीतल्या दुसऱ्याच कुणीतरी बघितला. कबुली इशबेलची होती, तेवढी पुरेशी ठरली. खोटं बोलल्याबद्दल तिचा विमा रद्द झाला, दिलेल्या सामानाची किंमत हप्त्यांनी परत मागितली, आणि यापुढे दुसरी कुठलीही कंपनी तिला दारात उभी करणार नव्हती. नेटाबाईंच्या सामानाची भरपाई मंजूर झाली. ती गेली ऑस्ट्रेलियातल्या एका भाच्याकडे. तो त्यांच्या प्रेतयात्रेला आला नव्हता, पण पैसे पोचल्याचं त्याने तत्परतेने कळवलं.

मात्र त्याच आठवड्यात गालिचा सुकला. सोफा सुकला. छोट्या खोलीतली गादी एका सकाळी कोरडी, फुललेली, सपाट होती. वास गेला. इशबेलने खिडक्या उघडल्या, वारा आत घेतला, आणि कित्येक महिन्यांनी जिन्यातला दिवा लावून खाली उतरली. पहिल्या मजल्यावर थांबून तिने बंद दाराला हात लावला. दार गार होतं, कोरडं होतं. आत कुणी नाही हे तिला नक्की कळलं. नेटाबाई खालच्या घरातून गेल्या होत्या. कुठे गेल्या, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

जूनमध्ये खालच्या घरात भाडेकरू आला. मारेक नावाचा पोलिश तरुण, मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला जाणारा. इशबेलची नि त्याची गाठ पडायला पंधरा दिवस लागले, कारण ती घरी असायची तेव्हा तो कामावर, आणि ती कामावर असायची तेव्हा तो झोपलेला. शेवटी एका दुपारी ती पिशव्या घेऊन चढत असताना त्याने दार उघडलं. डोळे तांबारलेले, केस विसकटलेले.

"माफ करा," तो म्हणाला. "तुम्ही वर राहता ना? मी दिवसा झोपतो. तुमच्या घरातल्या बायकांना जरा सांगाल का?"

"माझ्या घरात कुणी नाही. मी एकटीच असते."

"नाही, दिवसा. तुम्ही गेल्यावर." तो ओशाळून हसला. "सामान सरकवतात. खूप वेळ. म्हणजे घर लावतात तसं. आणि बोलतात. एक म्हातारी आहे, ती फार बोलत नाही. दुसरीच बोलते. एकच काहीतरी पुन्हा पुन्हा समजावत असते, अगदी काकुळतीला येऊन. माझं इंग्रजी कच्चं आहे, शब्द कळत नाहीत."

"दुसरी कोण?" इशबेलने विचारलं.

तो काहीतरी सांगणार होता. पण तिचं बोलणं ऐकून थबकला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं.

"मला वाटलं तुमची बहीण असेल," तो म्हणाला. "आवाज… हाच आहे. आत्ता तुम्ही बोललात ना, तोच."

दोघं जिन्यात उभी राहिली. वर सगळं शांत होतं. मग सोफा सरकल्याचा आवाज आला, सावकाश, घरच्या माणसाने सरकवावा तसा. आणि इशबेलने ऐकलं. स्वतःचाच आवाज, दबका, आर्जवी, थोडा रडवेला, चर्चच्या सभागृहातल्या त्या रात्रीचा. तिने पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली मुठीत धरली आणि एक एक पायरी चढत आपल्या दाराशी गेली. वर जाताच बोलणं थांबलं. आत कुणीतरी दाराशी आलं, दाराच्या पलीकडे अगदी जवळ उभं राहिलं.

इशबेलने किल्ली लावायला हात उचलला. तिला स्पष्ट ऐकू आलं, आतल्या बाजूने कुणीतरी सावकाश दाराची साखळी सरकवून अडकवली.